उस्मान नाही, उसामा

नांदगाव खंडेश्वरात ज्याच्याकडे म्हणून बैलगाडी होती, त्याला उसामा मिस्त्री ठाऊक होता, आणि त्यातले निम्मे लोक त्याला उस्मान म्हणायचे. मुद्दाम नव्हे हो. उस्मान हे नाव वऱ्हाडात गल्लोगल्ली सापडतं, जिभेला सवय असते. उसामा कोणी ऐकलेलंच नव्हतं. पण मिस्त्रीला ते खपायचं नाही. हातातला घण खाली ठेवायचा, कपाळ पुसायचं आणि गिऱ्हाइकाकडे सरळ बघून म्हणायचं, "उस्मान नाही, उसामा." गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि जाताना "येतो उस्मानभाई" म्हणून निघून जायचं. आता अशा लोकांपुढे कोणी डोकं फोडावं.

नाव आजोबांनी ठेवलेलं. पैगंबरसाहेबांच्या जवळच्या माणसांत एक उसामा होते, मिसरूड फुटायच्या वयात त्यांच्या हाती फौज सोपवली होती, ही गोष्ट आजोबांच्या फार आवडीची. नातू झाला तेव्हा त्यांनी घरात दुसऱ्या नावाची चर्चाच होऊ दिली नाही. फौज काही मिस्त्रीच्या वाट्याला आली नाही. त्याच्या वाट्याला आली एक भट्टी, एक भाता आणि बाजाराच्या कडेला टिनाचं एक छप्पर. त्या छपरावर त्यानं अमरावतीच्या पेंटरकडून पाटी रंगवून आणून लावली होती: 'उसामा इंजिनिअरिंग वर्क्स'. एका भट्टीचं कसलं आलंय इंजिनिअरिंग, म्हणून लोक हसायचे. तोही हसायचा, पण दर ईदेला पाटी उतरवून रॉकेलच्या बोळ्यानं लख्ख पुसायचा.

त्याचं खरं काम धाव बसवण्याचं. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची पट्टी गोल चढवलेली असते, ती धाव. ती मुद्दाम चाकापेक्षा जराशी तोकडी करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, फुगली की सांडशीत धरून चाकावर उतरवायची आणि त्याच घटकेला वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, लाकूड करकरतं आणि धाव बसते ती बसते. गोवऱ्या रचायला आणि पाणी ओतायला कुलसुमबी, त्याची बायको. पाण्याचा अंदाज हिच्याइतका पंचक्रोशीत कोणाला नाही, असं तो चारचौघांत बोलायचा. घरात मात्र चुकूनही बोलायचा नाही.

गिऱ्हाइकांत सगळ्यात जुने नत्थुजी. गावाबाहेर काळी जमीन, घरी बैलजोडी आणि तोंडात कायम सुपारी. वयानं मिस्त्रीपेक्षा थोडे मोठे. ते आले की संवाद ठरलेला.

"काय बे उस्मान."

"उस्मान नाही नत्थुजी, उसामा."

"तेच म्हनलं मी."

वर्षानुवर्षं हेच. नत्थुजींना नाव येत नव्हतं असं समजू नका. चांगलं येत होतं. पण मिस्त्रीनं दुरुस्त केल्याशिवाय त्यांना गाडी सोडल्यासारखं वाटत नसे.

मग ते दोन हजार एक साल आलं. तिकडे अमेरिकेत विमानं घुसवून दोन उंचच उंच इमारती पाडल्या, हजारो माणसं गेली. बेबीताईच्या हाटेलात टीव्ही होता, सगळा बाजार तिथं मान वर करून बसला होता, मिस्त्रीही हातात चहा घेऊन बसला होता. मेलेल्यांचे नातेवाईक फोटो घेऊन फिरताना दिसत होते ते बघून त्यानं भरला पेला बाकावर ठेवून दिला. दोन-चार दिवसांनी हे ज्यानं करवलं त्याचं नाव टीव्हीवर सांगितलं. आणि सगळं हाटेल वळून मिस्त्रीकडे बघायला लागलं.

वाईट कोणी बोललं नाही, खोटं कशाला सांगू. कोणीतरी म्हणालं, "बाप्पा, मिस्त्री, तुमी कवा जाऊन आले अमेरिकेत?" सगळे हसले. मिस्त्रीही हसला. पण तीच गंमत दुसऱ्या दिवशी झाली. मग तेलाच्या घाण्यावर झाली, रेशनच्या रांगेत झाली, अमरावतीच्या एसटीत कंडक्टरनं केली. पोरगी उज्मा शाळेतून रडत आली, कारण हजेरीत बापाचं नाव वाचल्यावर मागच्या बाकावर विमानाचा आवाज काढला होता. करणाऱ्याला गंमत दर वेळी ताजी असते. ऐकणाऱ्याला ती रोज शिळी भाकर खावी तशी गिळावी लागते.

एका सकाळी मिस्त्रीनं पाटी काढली आणि कोळशाच्या ढिगावर पालथी घातली, म्हणे पावसानं कोळसा भिजतो. आणि त्यानं लोकांना दुरुस्त करणं सोडलं. नत्थुजी आले. "काय बे उस्मान," म्हणाले आणि थांबले. मिस्त्री घण मारत राहिला. नत्थुजींनी सुपारी या गालातून त्या गालात केली, जरा वेळ वाट पाहिली आणि कामाचं बोलून निघून गेले. त्या दिवशी घरी जाऊन ते नीट जेवले नाहीत, हे त्यांच्या रुख्मिणीबाईंनी नंतर कुलसुमबीला सांगितलं.

तीच वर्षं गावालाही वाईट होती. कापसानं दगा दिला, एकेकाच्या गोठ्यातले बैल गेले, गाड्या बाभळीखाली कलंडून पडल्या. ज्याला बैल नाही त्याला धाव कशाला लागते? मिस्त्री वेल्डिंग शिकला, गेटं करू लागला आणि हंगामात गावाबाहेरच्या जिनात किरकोळ दुरुस्त्या करू लागला. कापसातून सरकी वेगळी करायचा तो कारखाना, भार पेलणाऱ्या तिकोनी लोखंडी कैच्यांवर टिना टाकलेलं मोठंच्या मोठं छप्पर.

अशी चार-पाच वर्षं गेली आणि त्याचा भाचा गुलफाम अमरावतीहून एक सीडी घेऊन आला. त्याचं तिकडे सीडीचं दुकान होतं. "मामू, ये देखो," म्हणाला. जुम्म्याची नमाज झाल्यावर घरात सगळे टीव्हीसमोर बसले. सीडी इंग्रजी, गुलफाम मधे मधे समजावून सांगत होता. इमारती विमानांनी पडल्याच नाहीत म्हणे. आगीनं लोखंडाची इमारत पडतच नाही. आतून आधीच बारूद भरून ठेवली होती, सगळं त्यांचं त्यांनीच केलं आणि नाव दुसऱ्याचं घेतलं.

मिस्त्रीनं ती सीडी पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा बघितली. मग त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "मतलब, उसने किया ही नहीं." त्याला त्या माणसाशी काहीएक घेणंदेणं नव्हतं. त्याला आपलं नाव परत हवं होतं. छातीवर ठेवलेला दगड कोणी उचलून बाजूला ठेवला तर दगड कोणी उचलला हे माणूस विचारत बसत नाही.

कुलसुमबी दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आग से लोहे को कुछ नहीं होता? फिर अपन रोज क्या करते जी?"

"वो अलग बात है," मिस्त्री खेकसला. बायकोवर तो सहसा खेकसत नसे.

दुसऱ्या दिवशी पाटी छपरावर गेली. मिस्त्री बेबीताईच्या हाटेलात गेला आणि चहा मागवून सगळ्यांना सांगू लागला, आगीनं लोखंडी इमारत कधी पडत नाही, बारूदच लागते. आता हे दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर लोकांनी उडवून लावलं असतं. पण सांगणारा लोहार. "लोखंडाचं मिस्त्रीले नाई समजन तं कोनाले समजन?" लोक म्हणाले. गोष्ट नांदगावातून निघून आजूबाजूच्या गावांत पोचली, गुरुकुंज मोझरीला कोणाकडून तरी ऐकली असं बेबीताईच्या भावानंच सांगितलं. नत्थुजी आले, "काय बे उस्मान" म्हणाले. मिस्त्री म्हणाला, "उस्मान नाही, उसामा." नत्थुजींचं तोंड एवढं फुललं की बारूद खरी की खोटी हे विचारायचंच त्यांना सुचलं नाही. म्हणाले, "तेच म्हनलं मी."

त्या हंगामाच्या शेवटी जिनाला आग लागली.

दुपारची वेळ. कापसासोबत कुठला तरी खडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, आणि कापसाची गंजी पेटायला किती वेळ लागतो. माणसं बाहेर पळाली. चौकीदार भगवंत सायकल काढायला परत आत गेला तेवढ्यात छप्पर खाली आलं, सगळंच्या सगळं, आणि असा धडाका झाला की बाजारातल्या बायका टोपल्या टाकून उठल्या. भगवंत वाचला, पायावर निभावलं. जिन मात्र भुईसपाट.

मिस्त्री त्या सकाळी तिथं ट्रॉलीचा आस दुरुस्त करून आला होता.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की बॉम्ब होता. आवाज ऐकला ना सगळ्यांनी. आणि आगीनं लोखंडाचं छप्पर असं एका दमात खाली येतं काय? मिस्त्रीच तर सांगतो, येत नाही म्हणून. मग जिनात कोण गेलं होतं सकाळी? आणि नाव काय त्याचं? एकाला एक जोडत गेले आणि त्यांच्या मते गणित सुटलं. ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्याकडून धावा बसवून घेतल्या होत्या ते दुकानापुढून जाताना पलीकडच्या बाजूनं जाऊ लागले. बेबीताईनं चहा दिला, पण पेला ठेवता ठेवता हळूच म्हणाली, "मिस्त्री, मले काई वाटत नाई तुमच्याबद्दल. पन तुमीच तं सांगत होते." मिस्त्रीनं चहा अर्धा ठेवला. उज्माला मामाकडे अकोल्याला पाठवून दिलं आणि पाटी पुन्हा कोळशावर गेली.

पाच-सहा दिवसांनी ठाण्यातून जमादार आले. नवे होते, थकलेले होते, माणूस सरळ वाटत होता. नत्थुजी तिथंच बसलेले, मिस्त्रीचं दुकान न टाळणारे ते एकटेच.

"नाव?" जमादारांनी विचारलं.

मिस्त्रीनं तोंड उघडायच्या आत नत्थुजी बोलले, "उस्मान हाय साहेब. आमचा उस्मान. लहानपनापासून पाहून राहिलो मी त्याले." मिस्त्री खाली बघत राहिला.

"हे बघा," जमादार म्हणाले, "जिनाचे लोक सांगतात खडा आला. मलाही तेच वाटतं. पण गाव बॉम्ब बॉम्ब करून राहिलं आणि वरून फोन येऊन राहिले. एकच विचारतो. आगीनं लोखंड पडत नाही असं तुम्हीच सगळ्यांना सांगता. मग जिन कसं पडलं?"

मिस्त्रीनं मनात दोन्ही उत्तरं उलटसुलट करून पाहिली. आगीनं पडलं म्हणावं, तर तिकडच्या इमारतीही आगीनंच पडल्या, म्हणजे त्या माणसानंच पाडल्या, म्हणजे नाव पुन्हा त्या राखेत. नाही म्हणावं, तर इथं बॉम्ब होता आणि बॉम्ब ठेवणारा समोर उभा. बिचाऱ्यानं स्वतःच्या हातानं पिंजरा वेल्डिंग करून ठेवला होता.

"उद्या बाजार आहे. बाजार आटोपला की ठाण्यात या," जमादार म्हणाले आणि गेले.

कुलसुमबी आत सगळं ऐकत होती. ती बाहेर आली, भात्याजवळ बसली. "उस दिन पूछी थी, तुम बोले वो अलग बात है. आज बोलो. अलग है क्या?"

मिस्त्रीनं भात्याची दोरी हातात घेतली आणि सोडून दिली. मग म्हणाला, "सच बोला तो नाम फिर से गंदा होता."

"नाम तुम्हारे दादा ने रखा," कुलसुमबी म्हणाली. "उस आदमी ने नहीं रखा." एवढं बोलून ती उठली आणि उद्यासाठी गोवऱ्या न मोजता सरळ टोपलीनं काढायलाच लागली. नत्थुजी दाराशी उभे होते, त्यांना हिंदी कळत होतं. ते म्हणाले, "माह्या गाडीची धाव ढिल्ली झाली हाय. सकाळी चाक घेऊन येतो." धाव ढिली नव्हती. पण ते रात्रीतून ती ढिली करू शकत होते आणि त्यांनी ती केली.

बाजाराच्या दिवशी मिस्त्रीनं दुकानाच्या आत नव्हे, बाहेर मोकळ्यावर गोवऱ्या रचल्या. नत्थुजींची धाव त्यात ठेवून त्या पेटवल्या. शेजारी दोन दगड मांडले, मधे गोवऱ्या भरल्या, दगडांवर एक लांब लोखंडी पट्टी आडवी टाकली आणि पट्टीच्या मधोमध आपला घण ठेवला. लोक लांबून बघत होते. मग जवळ आले. जाळ लागलेला बघायला माणूस येतोच. जमादारही बाजारातून फिरत फिरत कडेला येऊन उभे राहिले.

"पाहा," मिस्त्री म्हणाला. "थंडी हाय तवर पट्टी घण पेलून राहिली."

मग त्यानं दोन दगडांमधल्या गोवऱ्यांना आग लावली. जाळ चढला. पट्टी काळी होती ती तांबडी झाली. थोड्या वेळानं पट्टी मधे लवू लागली, आणखी लवली, आणि घण घसरून आगीत पडला.

"पट्टी वितळली काय?" मिस्त्रीनं विचारलं. "नाई वितळली. निसती नरम झाली. लोखंडाले पडाले वितळा लागत नाई. अंगावर वजन असलं आन् खालून आग असली का ते मान टाकते. जिनातली एक कैची वाकली, तिचं वजन दुसरीवर गेलं, मंग सगळ्या. आन् आवाज टिनाईचा होता. एवढ्या टिना एका वक्ती पडल्या तं आवाज होईनच. बॉम्ब नोयता."

"मंग तुमी सांगत होते ते?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. खोचकपणे नव्हे, खरंच विचारलं.

मिस्त्रीनं सांडस हातात घट्ट धरली. "ते चूक होतं," तो म्हणाला. "मले मालूम होतं. भट्टीवर जनम गेला माहा, मले नाई मालूम होनार तं कोनाले? तिकडच्या इमारतीले बी विमानानं भगदाड पाडलं, खांब तोडले, मंग आग लागली, आन् वरचे मजले खालच्याईवर बसले. बारूद कोनी ठेवली नोयती. ज्याईनं पाडल्या त्याईनंच पाडल्या. तो मानूस माह्या नावाचा निंगाला, हे मले सहन होत नोयतं. म्हून मी ते मानलं. तुमी हासत होते तवा मीबी हासत होतो, पन घरी जाऊन मले जेवन जात नोयतं." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "त्यात बी मानसं मेली. कोनाचे तरी मायबाप मेले. त्याईचं मरन मी खोटं करून राहिलो होतो, माह्या एका पाटीसाठी."

बेबीताई हाटेलाच्या पायरीवर उभी होती, ती पदर तोंडाशी धरून आत गेली. एसटीत, घाण्यावर, रेशनच्या रांगेत ज्यांनी ज्यांनी गंमत केली होती त्यातले बरेचसे तिथंच होते, आणि त्यांना एकमेकांकडे बघवेना.

"धाव झाली जी," कुलसुमबी म्हणाली. तिला या सगळ्यात लोखंडाचा रंग चुकला नव्हता.

मग मात्र थांबायला वेळ नसतो. मिस्त्रीनं धावेला सांडस लावली, पण दुसरी बाजू धरायला माणूस हवा. कोणी बोलावलं नव्हतं, तरी गर्दीतले दोघे पुढे आले आणि त्यांनी पलीकडून सांडशी धरल्या. धाव उचलली, चाकावर उतरवली. लाकडानं धूर सोडला. कुलसुमबी बादली घेऊन तयार होती.

"उस्मान, पानी," नत्थुजी ओरडले. "उस्मान, पानी टाक लवकर."

कुलसुमबीनं पाणी ओतलं. चाक करकरलं, वाफेचा लोट उठला. त्या वाफेतून मिस्त्रीचा आवाज आला, अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा, "उस्मान नाही नत्थुजी, उसामा."

जमादारांनी मान वर केली. "काय नाव म्हणालात?"

"उसामा, साहेब. काल चुकीचं सांगण्यात आलं. माह्या आज्यानं ठेवलेलं हाय."

जमादारांनी नत्थुजींकडे बघितलं. नत्थुजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, वाफेला एक शिवी हासडली आणि म्हणाले, "तेच म्हनलं मी साहेब."